लेंडीखत घरपोच

आमच्या शाळेत एका द्राक्षबागायतदारांचा सत्कार चालला होता. शाल झाली, श्रीफळ झालं, पाहुण्यांचं अर्ध्या तासाचं भाषणही झालं. जिद्द, चिकाटी, परिश्रम हे शब्द इतक्या वेळा येऊन गेले की पुढच्या रांगेतली पोरं बोटांवर मोजायला लागली. सूत्रसंचालन माझ्याकडे होतं. रीत म्हणून मी विचारलं, "कुणाला काही प्रश्न?" हा प्रश्न फक्त विचारायचा असतो. त्यावर सगळ्यांनी गप्प बसायचं, आपण "आता आभारप्रदर्शन" म्हणायचं आणि चहाकडे वळायचं.

तेवढ्यात शेवटच्या रांगेतून एक तांबडा पटका उभा राहिला.

"पावणं, यशाचं ऱ्हाऊ द्या. अडलं कुठं त्ये सांगा."

मी हादरलो. मुख्याध्यापकांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू हा माणूस मीच पैसे देऊन बसवला होता. पाहुणे म्हणाले, "अडलं म्हणजे?"

"कवातरी अडलं असंल की. तवा काय केलं?"

पाहुणे पाणी प्याले. मग हळूहळू बोलायला लागले. एका वर्षी त्यांचा सगळा माल बंदरावरून परत आला होता. लोकांना तोंड कसं दाखवायचं, म्हणून हे गृहस्थ कांदे साठवायच्या चाळीत जाऊन बसले. बायकोला बाहेरून कुलूप लावायला सांगितलं आणि गावात सांगितलं, मालक नाशिकला गेलेत. दोन दिवस चाळीत. तिसऱ्या दिवशी बायकोनं कुलूप काढलं आणि म्हणाली, कांदे काढायचेत, बाहेर या. हे सांगताना त्या माणसानं सत्काराच्या शालीनं डोळे पुसले. आमच्या क्लार्कनंही पुसले. मंडपात एकच माणूस कोरडा होता.

"मंग भाईर येऊन पयलं काय केलं?"

"चहा प्यालो."

"त्येच्या नंतर?"

"ज्यानं माल परत धाडला होता त्यालाच फोन लावला. म्हटलं, काय चुकलं ते सांगा."

"हां. ह्ये कामाचं," असं म्हणून पटका खाली बसला. मी घाईघाईनं आभारप्रदर्शन उरकलं.

हे गेनभाऊ. राजुरीत माझ्या घराला लागून त्यांचं घर आहे, आणि गेली तीस वर्षं ते मला दचकवत आले आहेत. मी मुळात दचकणारा माणूस. कुकरची शिट्टी वाजली तरी दचकतो. अशा माणसाच्या शेजारी देवानं गेनभाऊ का ठेवले असतील, हे मला अजून कळलेलं नाही.

त्यांचं घराणं मेंढपाळाचं. ऐन उमेदीत त्यांचा सव्वाशे मेंढरांचा कळप होता. पावसाळा संपला की गेनभाऊ आणि त्यांची बायको ठकूबाई कळप घेऊन कोकणाच्या अंगाला उतरायच्या वाटेला लागत आणि उन्हाळ्याच्या शेवटी परत येत. चार वर्षांपूर्वी ठकूबाई गेल्या. त्यानंतर गेनभाऊंनी मेंढरं विकली. अकरा ठेवली. का ठेवली विचारलं तर म्हणत, "मोजायला."

मुलगा संतोष शेती करतो. पोरगा वाईट नाही, पण हिशोबी डोक्याचा. गेल्या उन्हाळ्यात त्यानं मेंढरांच्या वाड्याच्या जागेवर ढोबळी मिरचीसाठी पॉलिहाऊस टाकायचं ठरवलं. माझ्यासमोरच बापाला म्हणाला, "आबा, दिवाळीपत्तोर मेंढरांनी आपला खुराक आपण काढला तर ऱ्हाऊ द्या. न्हाई तर बेल्ह्याच्या बाजाराला न्यायची. म्या काय आता त्यांना बसून खाऊ घालणार न्हाई."

गेनभाऊ उठले, वाड्यात गेले आणि मेंढरं मोजून आले.

पुढचं सगळं माझ्यामुळे झालं. त्यांचं तोंड बघवेना म्हणून मी गंमतीनं म्हणालो, "गेनभाऊ, लेंड्या ऑनलाइन विका की! पुण्याची माणसं कुंड्यांत घालायला खत विकत घेतात." एवढं बोलून मी घरात गेलो आणि विसरलो. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला दारात गेनभाऊ. अंघोळ केलेले, पटका नवा.

"शिकवा."

"काय?"

"ऑनलाइन."

मला मार्केटिंगमधलं शेंगदाण्याएवढंही कळत नाही. मी विज्ञान शिकवतो. सुटका करून घ्यायला मी मोबाइलवर एक व्हिडिओ लावून दिला. कोटातला एक तरुण हात हलवत सांगत होता, "मित्रांनो, ऑनलाइन मार्केटिंग शिकायचंय? मग यशस्वी माणसं अडचणी कशा सोडवतात, याचा अभ्यास करा." व्हिडिओ चाळीस मिनिटांचा होता. गेनभाऊंनी हे एवढंच ऐकलं आणि मोबाइल माझ्या हातात परत दिला.

"अहो, अजून पुढं आहे."

"पुढं काय असायचंय? त्येनं सांगितलं की काय करायचं ते."

आणि ते यशस्वी माणसं शोधायला निघाले. बाकीचं जग हा अभ्यास मोबाइलवर करतं. गेनभाऊंनी तो पायी केला.

पहिला नंबर लागला बेल्ह्याच्या बाजारातल्या एका दलालाचा. ह्या दलालाकडं जनावर दिलं की अर्ध्या तासात खपतं, अशी ख्याती होती. गेनभाऊ लागोपाठ तीन बाजार त्याच्या मागं फिरले. तो बसला की हे बसायचे, तो लघवीला गेला की हे बांधावर उभे. तिसऱ्या बाजारी दलालानं हात जोडले. "बाबा, तुमी साध्या कपड्यातलं पोलीस हाय का? काय असंल त्ये इथंच मिटवू."

"पोलीस न्हाई. शिकाया आलोय."

परत आल्यावर गेनभाऊंनी मला त्याचं गुपित सांगितलं. बाकीचे दलाल जनावराचे गुण सांगतात. हा आधी खोड सांगतो. म्हैस दाखवताना पहिलं वाक्य, "ही डाव्या अंगानं धार काढू देत न्हाई, लाथ मारती." गिऱ्हाइकाला वाटतं, एवढं सांगितलंय म्हणजे बाकी काही दडवलेलं नसणार. घेऊन टाकतं.

"सर, आपुन बी पयली खोड सांगायची," गेनभाऊ म्हणाले.

"लेंडीखताची खोड काय?"

"वास येतो की!"

दुसरा नंबर ओझरच्या देवळाबाहेरच्या एका हारवाल्या बाईंचा. दुर्वा आणि जास्वंदीच्या हारांची तिथं रांगेनं दुकानं आहेत, सगळ्यांचे हार सारखेच, पण गर्दी मात्र ह्याच बाईंकडं. गेनभाऊ सकाळच्या आरतीपासून दुपारपर्यंत तिच्या दुकानासमोर उकिडवे बसून राहिले. शेवटी बाई म्हणाली, "भाऊ, हार घ्यायचा नसंल तर जरा सरका. माझं गिऱ्हाईक तुमाला वळसा घालून जातंय."

"सरकतो. पर एक सांगा, अडलं कुठं व्हतं?"

बाईंनी सांगितलं. दुकान टाकल्यावर महिनाभर हार सुकून जात होते. मग तिच्या लक्षात आलं, बसमधून उतरलेला माणूस आधी हाराकडं बघतच नाही. तो खाली बघतो, चपला कुठं ठेवू म्हणून. दुसऱ्या दिवसापासून तिनं चपला ठेवायला फळी मांडली आणि हाराचं नाव काढणं सोडून दिलं. चपला ठेवल्या की माणूस आपणहून हार घ्यायला लागला.

गेनभाऊंना हे इतकं पटलं की आठ दिवस ते दुसरं बोलेनात. "सर, पुण्याच्या माणसाची चप्पल काय असंल?" रात्री अंथरुणावर पडल्यावर मीही तोच विचार करायला लागलो, तेव्हा माझी मलाच काळजी वाटली.

इथपर्यंत ठीक होतं. तिसरा धक्का घरात बसला. मी शाळेतून आलो तर ओट्यावर गेनभाऊ आणि त्यांच्या समोर आमची ही. तिच्या चेहऱ्यावर मी लग्नात पाहिलं होतं तसलं हसू.

"वैनी, तुमी लई यशस्वी बाई," गेनभाऊ सांगत होते. "सरांची तंबाखू सोडवली तुमी. भल्याभल्यांना जमत न्हाई. कशी सोडवली?"

मी आत येता येता म्हणालो, "तिनं नाही, मी सोडली. निश्चय." कारण ते खरंच होतं. चौदा वर्षांपूर्वी मी तंबाखू मनोबलावर सोडली आणि तेव्हापासून दर वर्षी नववीच्या मुलांना मनोबलावर व्याख्यान देतो. मुलं टाळ्या वाजवतात.

ही खाली मान घालून म्हणाली, "यांच्या डबीतली तंबाखू मी रोज चिमूटभर कमी करायचे. आणि तेवढाच मेथीचा वाळलेला पाला चुरून घालायचे. शेवटच्या महिन्यात नुसती मेथीच होती."

मी खाली बसलो. बसायला खुर्ची आहे की नाही तेही पाहिलं नाही. एक महिना मी चुना लावून मेथी खाल्ली होती आणि वर गावभर सांगत होतो की तलफ आपोआप मेली.

"चौदा वर्षं बोलली नाहीस?"

"विचारलं कुणी?" ही म्हणाली. "त्यांनी विचारलं, म्हणून सांगितलं."

गेनभाऊंनी मान डोलावली. "सर, ध्यानात आलं का? एका दणक्यात समदं बदलायचं न्हाई. चिमूट चिमूट." माझ्या मनोबलाचं काय झालं, त्याच्याशी त्यांना काही देणंघेणं नव्हतं. यंदा नववीत ते व्याख्यान मी दिलं नाही.

शाळेतला तो सत्कार हा ह्याच अभ्यासातला शेवटचा धडा, आणि गणपतीच्या सुमारास अभ्यास पुरा झाला. गेनभाऊ म्हणाले, आता जाहिरात. मी मोबाइल घेतला, त्यांनी सांगितलं, मी लिहिलं. फोटो एका मेंढीचा, तोही मागून, कारण त्यांच्या मते "माल तिकडनं येतो." मजकूर असा होता:

"मेंढीचं लेंडीखत मिळेल. वास येतो. पहिले चार दिवस लई येतो, मग सवय होते. एका कुंडीला एक मूठ. जास्त घालू नका, झाड जळेल आणि मग तुम्ही आमच्या नावानं ओरडाल. झाड मेलं तर फोन करा, काय चुकलं ते बघू."

मला शरम वाटली. खाली माझं नाव आणि माझा नंबर होता, कारण गेनभाऊंच्या फोनला नेट नव्हतं. मी डोळे मिटून तो मजकूर गच्चीवरच्या बागांच्या एका ग्रुपवर टाकला. दुसऱ्या दिवशी पुण्याहून एका बाईंचा मेसेज आला. वीस कुंड्या आहेत, आवार मोठं आहे, खत घरपोच मिळेल का?

मी तो वाचून दाखवला. गेनभाऊ ताठ उभे राहिले. "बोलावलंय?"

"घरपोच मागतायत."

"म्हणा, शनवारी येतो."

मी तसं कळवलं. शनिवारी पहाटे कुणाचा तरी टेंपो वाजल्याचं मी झोपेत ऐकलं आणि कूस बदलली.

सकाळची शाळा होती. नववीत मी परावर्तनाचे नियम फळ्यावर काढत होतो. फोन वाजला.

"नमस्कार. मी खतासाठी मेसेज केला होता. आपले गृहस्थ आलेत."

"पोचले का? छान झालं."

"हो. मेंढ्याही पोचल्यात."

माझ्या हातातला खडू मोडला. "कसल्या मेंढ्या?"

"अकरा आहेत. आमच्या सोसायटीच्या लॉनवर बसल्यात. त्यांनी भोवती जाळी लावलीय. मी त्यांना खताची गोणी कुठंय विचारलं, तर म्हणाले, जरा दम धरा, खत हुतंय." बाईंचा आवाज अत्यंत शांत होता, त्यानं मी जास्तच घाबरलो. "आणि त्यांचा एक प्रश्न आहे. गच्चीवर न्यायला लिफ्टमध्ये एका वेळी तीन मेंढ्या चालतील का?"

आता हे कसं झालं ते सांगायला हवं. आमच्या भागात शेतात मेंढरं बसवायची पद्धत होती. पेरणीच्या आधी शेतकरी मेंढपाळाला बोलवायचा. मेंढपाळ त्याच्या रानात जाळी लावून कळप रात्रभर बसवायचा, रानाला खत मिळायचं, आणि मालक त्याला धान्य द्यायचा. गेनभाऊंच्या सात पिढ्यांत कुणी खत गोणीत भरून दिलं नव्हतं. खत द्यायचं म्हणजे मेंढरं न्यायची. बाईंनी घरपोच मागितलं, ह्यांनी ते घरी पोचवलं. चूक झाली असलीच तर ती माझी, कारण मला ही पद्धत लहानपणापासून माहीत होती आणि तरी मी नुसता मेसेज वाचून मोकळा झालो.

मी वर्ग तसाच सोडून व्हरांड्यात आलो. फोनमधून मागचा गलका ऐकू येत होता. वॉचमन हिंदीत ओरडत होता. मग एक करडा आवाज आला, तो सोसायटीच्या सेक्रेटरींचा. हा काय प्रकार आहे, कुणाच्या परवानगीनं, मी पोलिसांना बोलावतो. बाई म्हणाल्या, "माझे पाहुणे आहेत." आणि नंतर गेनभाऊंचा आवाज:

"सायेब, एवढी मोठी वस्ती तुमी चालवता. यशस्वी मानूस. अडलं कुठं त्ये सांगा की."

फोन कट झाला. मी व्हरांड्यात उभा राहून पोलीस स्टेशनात ओळखीचं कोण आहे ते आठवायला लागलो. विज्ञानाच्या शिक्षकाला असल्या ओळखी नसतात.

संध्याकाळी बाईंचा पुन्हा फोन आला. सेक्रेटरी लॉनच्या कठड्यावर बसले आणि त्यांनी गेनभाऊंना पार्किंगच्या भांडणाची आठ वर्षांची हकिकत सांगितली. आजवर त्यांना हे कुणी विचारलंच नव्हतं म्हणे. ती हकिकत चालू असताना मेंढरांनी त्यांच्याच जास्वंदीचं कुंपण संपवलं, आणि ते त्यांना दिसूनही ते बोलत राहिले. सोसायटीतली सगळी पोरं खाली उतरली. दुपारी तीनला मेंढरं टेंपोत चढली तेव्हा बायका प्लास्टिकच्या डब्या घेऊन लॉनवर लेंड्या वेचत होत्या.

"मला आमच्याच सोसायटीतून चौदा जणांसाठी खत पाहिजे," बाई म्हणाल्या. "फक्त ह्या वेळी गोणीत पाठवा."

त्यानंतर माझा फोन माझा राहिला नाही. त्या पोरांनी काढलेले फोटो ह्या सोसायटीतून त्या सोसायटीत गेले. लोकांना ती जाहिरातही आवडली. "वास येतो" असं आधीच सांगणारा विक्रेता त्यांनी पाहिला नव्हता. एकांचं मोगऱ्याचं झाड मेलं. त्यांनी रागानं फोन केला. गेनभाऊंनी अर्धा तास त्यांच्याकडून मुठीचं माप विचारून घेतलं, आणि शेवटी निघालं की ते सुपातून घालत होते. त्यांनी पुन्हा खत मागवलं. संतोष आधी हसला, मग गप्प झाला, आणि दसऱ्याच्या दिवशी त्यानं स्वतः गोण्या, चाळणी आणि नाव-नंबराच्या छापील चिकट्या आणल्या. अकरा मेंढरांचं खत पुरेना, तेव्हा भावकीतल्या दोघांचं घ्यायला लागले. कुरिअरवाला दिवसाआड दारात यायला लागला. संतोषनं पॉलिहाऊस खालच्या बांधाला नेलं.

दिवाळी आली, गेली. अकराच्या अकरा मेंढरं वाड्यात. मी, गावातल्या तरुणांसमोर, ऑनलाइन मार्केटिंग ह्या विषयावर बोलू लागलो होतो. संतोष छाती फुगवून सांगायचा, "आबांना आता कुठं जायाची गरज न्हाई. समदं जागेवरनं हुतं."

एका रविवारी मी गेनभाऊंचं अभिनंदन करायला गेलो. ते वाड्याच्या दगडावर बसले होते. शेजारी चिकट्या लावलेल्या गोण्यांची थप्पी. मेंढरं वाचवलेल्या माणसाचं तोंड असं असेल, असं मला वाटलं नव्हतं. आणि एक गोष्ट माझ्या तेव्हा ध्यानात आली. गेल्या महिनाभरात त्यांनी कुणालाही काहीही विचारलं नव्हतं.

"गेनभाऊ, जिंकलात!"

"व्हय."

"मग असे का बसलात?"

त्यांनी थप्पीकडं बोट केलं. "सर, एवढ्या गोन्या गेल्या. एका बी गिऱ्हाइकानं म्हणलं न्हाई, या म्हणून."

"अहो, कशाला म्हणतील? कुरिअर जातो की."

"त्येच म्हणतो म्या."

मग ते बोलले. गेनभाऊ इतकं सलग बोललेले मी तीस वर्षांत ऐकले नव्हते. "रानात मेंढरं बसवायला बोलावणं यायचं ना सर, तवा आदी घरात जायाचं असतं. घरची बाई पानी द्यायची, मंग इचारायची, कंच्या गावचं, पोरं किती, म्हातारी हाय का गेली. आमची ठकी तर एकेका घरात घटका घटका बसायची. कुनाची लेक नांदती, कुनाची न्हाई, समदं तिला ठावं. म्या म्हणायचो, ठके, मेंढरं राखायला आलो का सोयरीक जुळवायला? ती गेली. मेंढरं इकली. बोलावनी बी बंद झाली. ज्येला त्येला पोत्यातलं खत. संतोष म्हणला, खुराक काढा, तवा मला वाटलं, गिऱ्हाईक घावलं म्हंजी बोलावणं आलंच की. म्हणून शिकलो येवढं."

मेंढरांनी मान वर करून त्यांच्याकडं पाहिलं आणि पुन्हा चरायला लागली.

"पुन्याच्या त्या बाईनी खुर्ची टाकली मला. पोहं दिलं. निघताना म्हणल्या, घरी कोण कोण असतं? चार वर्सांत पयल्यांदा कुनी इचारलं, सर."

मला लाज वाटली. आडपडदा न ठेवता सांगतो, इतकी लाज मला आयुष्यात वाटली नव्हती. आमच्या दोघांच्या मध्ये एक कुंपण आहे, तेही मेंदीचं. ठकूबाई गेल्यापासून मी त्यांना पाऊस विचारला, खत विचारलं, संतोषच्या मिरचीचा भाव विचारला. मेंढरं का ठेवली हेसुद्धा विचारलं आणि "मोजायला" ह्या उत्तरावर हसून घरात गेलो. यशस्वी माणसांच्या दारोदार हा माणूस काय मागत फिरत होता, ते माझ्या मास्तरी डोक्यात शिरलं नव्हतं.

ओढ्याच्या पलीकडं माझं वीस गुंठे रान आहे. मी ते वाट्यानं देतो, यंदा घरीच कांदा करायचा विचार होता. मी म्हणालो, "गेनभाऊ, कांदा लावायच्या आधी माझ्या रानात मेंढरं बसवाल का?"

त्यांनी चमकून पाहिलं. ह्या खेपेला दचकण्याची पाळी त्यांची होती.

"अकराच हायेत, सर. वीस गुंठं भरायला लई दिस लागत्याल."

"लागू द्या."

"बोलावताय?"

"बोलावतोय."

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला अंगणाच्या फाटकाशी हाक आली, "मालक हायेत का घरी?" तीस वर्षं मागच्या दारानं विचारल्याशिवाय आत येणारे गेनभाऊ समोरच्या फाटकाबाहेर उभे होते. खांद्यावर घोंगडी, हातात काठी. मला हसू येणार होतं. हिनं डोळ्यांनीच मला दटावलं. हिच्या माहेरी दरवर्षी मेंढरं बसायची, तिला सगळं माहीत होतं.

"या पावणं," ही म्हणाली. पाण्याचा तांब्या ठेवला. चुलीपुढं बसून भाकरी थापता थापता विचारलं, "कोणत्या गावचं म्हणायचं?"

"राजुरीचं," गेनभाऊ म्हणाले.

"पोरं किती?"

"एक ल्योक. संतोष. मिरची करतो. गुनाचा हाय."

"आणि कारभारीण?"

असं कसं विचारलं हिनं? गेनभाऊंनी तांब्या खाली ठेवला. पुरुष मेंढरं घेऊन पुढं जायचा आणि बाई घोड्यावर भांडीकुंडी, कोकरं लादून मागून यायची, हा त्यांचा जन्मभराचा रिवाज. ह्या प्रश्नाला त्यांनी प्रत्येक घरात एकच उत्तर दिलं असणार.

"येती मागनं," ते म्हणाले. "घोडं घेऊन."

हिनं मान वर केली नाही. गेनभाऊ जेवले. ते हात धुवून येईपर्यंत हिनं अजून दोन भाकऱ्या भाजल्या, त्यावर ठेचा घातला आणि धुतलेल्या फडक्यात बांधून त्यांच्यापुढं धरल्या.

"चालून दमल्या असतील. ह्या त्यांना."

गेनभाऊंनी ते फडकं दोन्ही हातांनी घेतलं. घोंगडीच्या घडीत जपून ठेवलं.

"देतो."

मग ते उठले आणि ओढ्याकडं चालू लागले. जाळी लावायला दोन माणसं लागतात, म्हणून मीही त्यांच्याबरोबर गेलो.